चौदा लाख दशलक्ष

दर पावसाळ्यात आमच्या पेपरात एक चौकट उगवते. सात तलावांची नावं, त्यांच्यापुढे पाण्याची पातळी, पुढे साठा, आणि सगळ्यात शेवटी टक्के. जूनमध्ये ती बघून पोटात गोळा येतो, ऑगस्टमध्ये हायसं वाटतं, आणि दसऱ्यापर्यंत ती चौकट आपण विसरूनही जातो. मुलुंड असो की बोरिवली, अंधेरी की घाटकोपर, लोक ती वाचतात एकाच पद्धतीने : नजर थेट शेवटच्या टक्क्यावर. मधले आकडे म्हणजे लग्नपत्रिकेतल्या "आमचे येथे श्रीकृपेकरून"सारखे. असतात, पण वाचत कोणी नाही.

गेल्या काही वर्षांत मला ते मधले आकडे वाचायचा नाद लागलाय. सातही तलाव काठोकाठ भरले की त्यांत किती पाणी मावतं, याचा आकडा तिथे दिलेला असतो : १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर. एकदा मोठ्याने वाचून बघा. चौदा लाख... दशलक्ष... लिटर! म्हणजे लाखाच्या डोक्यावर दहा लाख ठेवलेत. इंग्रजी पेपरवालेही 'लाख मिलियन' असंच छापतात, त्यामुळे हा दोष फक्त मराठीचा नाही. एका पायात कोल्हापुरी आणि दुसऱ्यात बूट घालून चालल्यासारखा हा आकडा चालतो. त्यातून किती पाणी हे कळत नाही, फक्त 'पुष्कळ' एवढंच कळतं.

आता गंमत अशी की एवढ्या मोठ्या संख्यांना आपल्याकडे स्वतंत्र नावं होती. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती' लिहिली, तिच्यात एकं, दहंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं आहेत, प्रत्येक आधीच्याच्या दसपट. दहाचा सातवा घात म्हणजे कोटी, नववा अब्ज, दहावा खर्व, अकरावा निखर्व, बारावा महापद्म. (चौदाव्याचं नाव जलधी आहे, म्हणजे समुद्र. आपला विषय पाण्याचाच असल्याने सांगितलं.) आपला चौकटीतला आकडा म्हणजे सुमारे १.४५ गुणिले दहाचा बारावा घात. जवळजवळ दीड महापद्म लिटर. शास्त्रज्ञ आकडा लिहितात तो याच रीतीने : पुढे एक आटोपशीर संख्या, मागे दहाचा घात, की शून्यं मोजायची कटकट संपली. भास्कराचार्यांनी प्रत्येक घाताला नाव दिलं, यांनी घाताचा नंबरच लिहिला. तत्त्व तेच. मधल्या काळात आपण महापद्म विसरलो, घातांक शाळेत सोडून आलो, आणि हातात उरलं ते लाख गुणिले दशलक्ष.

दहाच्या घातात लिहिण्याचा एक फायदा असा की मेट्रिक मापं त्याला चिकटूनच येतात. हजार लिटर म्हणजे एक घनमीटर, आपल्या गच्चीवरची काळी टाकी. अशा शंभर कोटी टाक्या म्हणजे एक घनकिलोमीटर, आणि तेच दहाचा बारावा घात लिटर. म्हणजे सात तलावांचं मिळून पाणी १.४५ घनकिलोमीटर. याची एकच चौकोनी टाकी बांधायची तर तिची बाजू सव्वा किलोमीटरसुद्धा भरत नाही, ११३० मीटरच्या आसपास येते. हे पहिल्यांदा काढलं तेव्हा जरा चरकलोच. एवढंच? एवढ्यावर ही अख्खी मुंबई वर्षभर अंघोळ करते?

पण मला सांगायचंय ते त्या चौकटीतल्या जुन्या आकड्यांबद्दल.

विहार तलावाचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि १८६० मध्ये संपलं. इंजिनिअर होता हेन्री कोनीबेअर. मिठी नदीच्या खोऱ्यात साष्टीच्या डोंगरांमध्ये बांध घालून केलेला हा तलाव. पाणी साष्टीचं, पण नळाने गेलं ते खाली मुंबई बेटाला. आपली उपनगरं तेव्हा मुंबईत नव्हतीच. अंधेरी, घाटकोपर मुंबईत आली १९५० मध्ये, बोरिवली, मुलुंड १९५७ मध्ये. म्हणजे विहारच्या शेजाऱ्यांनी जवळपास शतकभर ते पाणी दुसरीकडे जाताना पाहिलं. हा मुद्दा जरा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर विहारमधून सुरुवातीला दिवसाला ३२ दशलक्ष लिटर पाणी मिळायचं असं आजच्या माहितीपत्रकांत असतं. १८७२ मध्ये बांधाची उंची वाढवल्यावर ६८. १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला, त्याचे १८. बत्तीस, अडुसष्ट, अठरा. हे काय आकडे झाले? कोणता इंजिनिअर बसून ठरवेल की आपण बत्तीसच आणूया? उत्तर सोपं आहे. कोनीबेअरला लिटर ठाऊक असला तरी त्याने कधी वापरला नसणार. तो मोजत होता गॅलनमध्ये. इंग्लिश गॅलन म्हणजे ४.५४६ लिटर (अमेरिकन गॅलन वेगळा, ३.७८५ लिटरचा, त्याची इथे गल्लत नको). आता भागून बघा. ३२ दशलक्ष लिटर म्हणजे ७० लाख गॅलन. ६८ म्हणजे दीड कोटी गॅलन. १८ म्हणजे ४० लाख गॅलन. सगळे कसे गोल गरगरीत झाले!

मग मला चाळाच लागला. पवई तलाव (१८९१ चा, याचं पाणी पिण्यालायक नाही, कारखान्यांसाठी वापरतात) भरून वाहू लागला की महापालिकेचं पत्रक येतं : क्षमता ५४५ कोटी लिटर. पूर्ण आकडा ५४५५ दशलक्ष. भागा ४.५४६ ने. बरोबर १२०० दशलक्ष गॅलन. भांडुप संकुलातलं जुनं शुद्धीकरण केंद्र १९१० दशलक्ष लिटरचं, म्हणजे ४२० दशलक्ष गॅलन. भिवंडीजवळच्या पांजरापूरचं केंद्र १३६५ चं, म्हणजे ३०० दशलक्ष गॅलन. आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे ४५५. भातसाच्या टप्प्यांत ४५५, मध्य वैतरणेतही ४५५. मुंबईच्या पाण्याच्या कुठल्याही अहवालात दर दोन पानांनी हा आकडा भेटतो. ४५५ दशलक्ष लिटर म्हणजे शंभर दशलक्ष गॅलन, दुसरं काही नाही. मध्य वैतरणा धरण पुरं झालं २०१४ मध्ये. गॅलन कायद्याने जाऊन तेव्हा पन्नास वर्षं होऊन गेली होती, तरी धरणाच्या पोटात तो होताच.

पातळ्यांचंही तसंच. तानसा भरून वाहतो १२८.६३ मीटरला. फूट करा : ४२२, अगदी नेमके. ऊर्ध्व वैतरणा ६०३.५१ मीटर, म्हणजे १९८० फूट (एखाद्या केसाचा फरक). बाकीचे इतके स्वच्छ बसत नाहीत. पण मध्य वैतरणा बघा : २८५.०० मीटर. दशांशचिन्हापुढे दोन शून्यं. त्या चौकटीत हा एकच आकडा असा आहे की जो सरळ मीटरमध्ये विचार करणाऱ्या माणसाने कागदावर लिहिला असावा. म्हणजे एकाच धरणाची उंची मीटरमध्ये जन्मली आणि पाणी गॅलनमध्ये! पवईच्या पत्रकात तर पातळी अजून १९५.१० फूट अशीच येते. आमच्या भागातून जाणारी तानसाची जुनी पाइपलाइन फुटली की बातमी येते 'बहात्तर इंची जलवाहिनी फुटली'. ती १८०० मिलिमीटरची फुटली असं ऐकलं तर आम्हाला वाटेल दुसरीच कुठली तरी फुटली.

कायद्याने काय झालं ते थोडक्यात. मेट्रिक वजनमापांचा कायदा डिसेंबर १९५६ चा. १ एप्रिल १९५७ ला नवा पैसा आला, आणि सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला. ऑक्टोबर १९५८ पासून किलो टप्प्याटप्प्याने बाजारात उतरला. शेर, मण, पायली, गॅलन हळूहळू मागे सरले. मुलुंड-बोरिवली मुंबईत आली तेही १९५७ च, म्हणजे इथल्या लोकांना नवा पैसा आणि नवी महापालिका एकाच वर्षी मिळाली. वाण्याकडचं वजन बदलणं सोपं होतं, जुनं काढून नवं ठेवलं. धरणाचं, पाइपाचं, पंपाचं तसं करता येत नाही. शंभर दशलक्ष गॅलनच्या हिशेबाने एक पाइप टाकला की दुसरा त्याच्या शेजारी तेवढाच टाकणं सोयीचं. माझा अंदाज असा की म्हणूनच हे ४५५ इतकं चिवट. बदल कधी झाला तेही आकड्यांतच दिसतं. भांडुपला नंतर वाढवलेलं केंद्र ९०० दशलक्ष लिटरचं, आणि तिथलंच नवं २००० चं. ९०० ला गॅलनने भागून काही हाती लागत नाही. हे आकडे लिटरमध्येच जन्मले.

इथपर्यंत हा सगळा फावल्या वेळचा उद्योग म्हणता येईल. पुढचा भाग तसा नाही.

मुंबईबाहेरचा महाराष्ट्र धरणाचं पाणी दशलक्ष लिटरमध्ये मोजत नाही. तो मोजतो टीएमसीमध्ये, म्हणजे अब्ज घनफुटांत. कोयना १०५ टीएमसी, हे सातारा-सांगलीकडचं शाळकरी पोरही सांगेल. मराठवाड्यात गेलात तर तिसरीच भाषा, 'दलघमी', म्हणजे दशलक्ष घनमीटर. आता मुंबईचा माणूस चौदा लाख दशलक्ष लिटर म्हणतोय, पुण्याचा एकोणतीस टीएमसी म्हणतोय, लातूरचा मांजरा धरणात किती दलघमी उरलंय ते बघतोय. तिघंही पाण्याबद्दलच बोलतायत, तिघंही मराठीत बोलतायत, आणि कोणाचं किती आहे हे एकमेकांना कळायची सोय नाही. हे कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण ज्याच्याकडे जास्त आहे त्याच्या हे सोयीचंच पडतं, एवढं नक्की.

म्हणून बदलून बघूया. एक घनफूट म्हणजे २८.३१७ लिटर. तेव्हा एक टीएमसी म्हणजे २८,३१७ दशलक्ष लिटर. आता विहारची क्षमता बघा : २७,६९८ दशलक्ष लिटर. म्हणजे आपला विहार तलाव म्हणजे जवळजवळ एक टीएमसी! हे एकदा कळलं की टीएमसी हा शब्द परका राहत नाही. कोयना म्हणजे शंभराहून जास्त विहार. पुण्याची खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून २९.१५ टीएमसी, म्हणजे तीस विहार, आणि त्यात पुण्याबरोबर खालच्या शेतीचाही वाटा. मुंबईचे सात तलाव मिळून ५१ टीएमसी, कोयनेच्या निम्मे, आणि ते जवळपास सगळे पिण्या-वापरण्यासाठी. पुणेकरांशी वाद घालायला आता दोघांकडे एकच फूटपट्टी आहे. (जिंकाल याची हमी नाही. पुणेकर आहेत ते.)

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी नेलं होतं ते आठवत असेल. मिरजेहून गाडी निघाली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींच्या गाड्या, एकेक खेप पंचवीस लाख लिटरची. टीव्हीवर लोकांनी त्या गाडीची पूजा केलेली दाखवली. 'पंचवीस लाख लिटर' हा आकडा निवेदक ज्या आवाजात म्हणायचे त्यावरून वाटायचं की आता लातूरचा प्रश्न मिटलाच.

पंचवीस लाख लिटर म्हणजे अडीच दशलक्ष लिटर. मुंबईला तेव्हा रोज साधारण ३७५०-३८५० दशलक्ष लिटर पुरवठा होत होता. ३८५० धरा आणि दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागा. सेकंदाला साडेचव्वेचाळीस हजार लिटर येतात. म्हणजे मिरजेहून लातूरपर्यंत तासन् तास धावलेली ती पन्नास डब्यांची गाडी मुंबईत छप्पन सेकंद पुरली असती. पूर्ण मिनिटही नाही. एका आकड्यात 'लाख' होता आणि दुसऱ्यात 'दशलक्ष', आणि दोन्ही एकाच बातमीपत्रात पाठोपाठ येऊनही कोणी एकाखाली एक लिहिले नाहीत.

माझी एक मावशी आसनगावच्या पलीकडे, शहापूर तालुक्यातल्या एका पाड्याजवळ राहते. भातसा, तानसा, वैतरणा, मुंबईची मोठी धरणं याच बाजूला. आणि याच तालुक्यात दर उन्हाळ्यात टँकर फिरतात. एप्रिलमध्ये तिच्याकडे गेलो होतो. बोलता बोलता ती म्हणाली, "तुमच्या पेपरात ते लाख दशलक्ष का काय येतं, ते म्हणजे किती रे? किती टँकर?"

टँकर! हे माप माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, आणि तिच्या अंगणात तर तेच माप होतं. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर हिशेब अगदी सोपा, दहाचा चौथा घात. बाराव्यातून चार काढले की आठवा. सात तलाव म्हणजे १४ कोटी ४७ लाख टँकर. तिच्या शेजारचा एकटा भातसा म्हणजे ७ कोटी १७ लाख टँकर. मी सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. म्हणाली, "सात कोटीतला एक आमच्याकडे गुरुवारी येतो. तोही आला तर."

परत येताना लोकलमध्ये पुढचा हिशेब केला. टँकरवरच्या गावांना सरकारी हिशेबात माणशी दिवसाला वीस लिटर. शहरात सोसायटीची पाण्याची मागणी काढताना आपण धरतो १३५ लिटर. (हा १३५ म्हणजे जुने तीस गॅलन असावेत असा मला दाट संशय आहे. तीस गॅलन म्हणजे १३६.) समजा, त्या डोंगरातल्या एक लाख माणसांना वीस नाही, आपल्याइतकेच १३५ लिटर द्यायचे ठरवले. रोजचं १३.५ दशलक्ष लिटर. मुंबईच्या पुरवठ्यातली पाच मिनिटं. चोवीस तासांतली पाच.

आता कोणी म्हणेल की प्रश्न नुसत्या पाण्याचा नाही. धरण खाली, पाडा वर. पंप हवेत, वीज हवी, पाइप हवेत, ते सांभाळायला माणसं हवीत, आणि कोणाच्या हक्काचं पाणी याचे करार आहेत. सगळं खरं. इंजिनिअर मंडळींना मी यातलं काही शिकवू शकत नाही. माझं म्हणणं एवढंच की 'मुंबईलाच पुरत नाही, त्यांना कुठून देणार' हे वाक्य आमच्या डब्यात कोणी म्हणालं, तर पाणी पुरत नाही आणि पाणी वर चढवायचं नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला आता आकड्यात सांगता येतं. आणि विहारच्या काठच्या गावांनी शंभर वर्षांमागे जे पाहिलं तेच आज शहापूरवाले पाहतायत, हेही. तेव्हा आपण काठावरचे होतो.

आता पुढचं धरण गारगाईचं होणार आहे, पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात, तानसा अभयारण्याच्या रानात. त्यातून रोज ४४० दशलक्ष लिटर येणार. गॅलनने भागून बघितलं, गोल येत नाही, म्हणजे हा आकडा नव्या पिढीचा. टँकरमध्ये रोजचे ४४ हजार. मावशीला फोन करून सांगितलं. तिने विचारलं, "आणि गावं किती जाणार?"